वाचणारी रयत सरकारला का नको होती

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या तंबूत एकदा छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने ही पुस्तके कशासाठी आणली आहेत, असे विचारले. इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, असे सांगून एल्फिन्स्टन पुढे म्हणाले की, आपल्याला युरोपात परत नेणारा हमरस्ताही हाच आहे. मग गव्हर्नर असूनही तुम्ही हे काम का हाती घेतले, असे ब्रिग्ज यांनी आश्चर्याने विचारले, तेव्हा काहीही झाले तरी या लोकांविषयीचे कर्तव्य आपण केले पाहिजे, असे उत्तर त्यांना मिळाले. ही आठवण ब्रिग्ज यांनीच सांगितलेली आहे. लोकांना शिकवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे आणि शिकलेले लोक आपले राज्य फार काळ चालू देणार नाहीत, या दोन्ही गोष्टी एल्फिन्स्टन यांना एकाच वेळी दिसत होत्या. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबई इलाख्यातील शाळांचे जे झाले ते याच ओढाताणीतून झाले.

सार्वजनिक शिक्षण म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे. लोकांच्या करातून चालणारी, जात, लिंग किंवा ऐपत न पाहता प्रत्येक मुलाला दार उघडणारी आणि जिच्या कारभाराबद्दल लोकांना सरकारकडे जाब मागता येतो, अशी शाळा म्हणजे सार्वजनिक शाळा. सरकारला शिकलेली माणसे नको असतात, असे म्हणणे चुकीचे ठरेल. कारकून, दुभाषे, मामलेदार, मोजणीदार, वकील आणि डॉक्टर यांच्यावाचून कोणतेही आधुनिक राज्य चालत नाही, आणि इंग्रजांनी अशी माणसे तयार करण्यासाठी शाळा-महाविद्यालये मन लावून काढली. मूठभर माणसे शिकली तर ती राज्ययंत्राच्या कामी येतात आणि त्यांची सोय नोकऱ्या देऊन लावता येते. सगळेच शिकले तर त्यांना सामावून घेण्याइतक्या नोकऱ्या कोणत्याही सरकारजवळ नसतात, आणि त्यांच्या प्रश्नांना टाळता येण्याजोगी उत्तरेही नसतात. भीती असते ती या ‘सगळ्यांची’.

ही भीती सहसा कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही. मात्र १८०७ साली इंग्लंडच्या संसदेत ती अगदी स्पष्ट शब्दांत बोलली गेली. गरिबांच्या मुलांसाठी प्रत्येक परगण्यात शाळा काढाव्यात, असे विधेयक सॅम्युएल व्हिटब्रेड यांनी मांडले होते, आणि त्याला विरोध करताना डेव्हीस गिडी या सभासदाने सांगितले की, कष्टकरी वर्गाला शिक्षण दिल्यास तो आपल्या वाट्याला आलेल्या कामाचा तिरस्कार करू लागेल, राजद्रोही पत्रके वाचील आणि वरिष्ठांशी उद्धटपणे वागेल. हे गृहस्थ अडाणी नव्हते. पुढे ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. कनिष्ठ सभागृहात संमत झालेले ते विधेयक उमरावांच्या सभागृहात पडले. त्यानंतर साठ वर्षांनी, १८६७ मध्ये, शहरांतील कामगारांपैकी पुष्कळांना मताचा अधिकार मिळाला, आणि आता आपले भावी धनी होणाऱ्या या लोकांना अक्षरओळख करून देणे भाग आहे, असे रॉबर्ट लो या राजकारण्याने म्हटले. १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतर आला. १८८० मध्ये शिक्षण सक्तीचे झाले आणि १८९१ पासून बहुतेक मुलांसाठी ते मोफतही झाले. ज्यांच्या मतावर सरकार उभे राहणार, त्यांना अडाणी ठेवणे सरकारलाच परवडत नाही, असा या घटनाक्रमाचा अर्थ मी लावतो.

हिंदुस्थानात मात्र सरकार रयतेच्या मतावर उभे नव्हते. ते सारा, मीठ आणि अबकारीच्या उत्पन्नावर आणि पलटणींवर उभे होते, आणि यांपैकी कशासाठीही शेतकऱ्याच्या मुलाला वाचता येण्याची गरज नव्हती. १८१३ च्या सनदी कायद्याने वर्षाला एक लाख रुपये शिक्षणासाठी राखून ठेवले. १८३५ मध्ये मेकॉले यांच्या प्रसिद्ध टिपणानंतर तो थोडकाच पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. वरच्या थरातील थोड्या लोकांना नीट शिकवले की ज्ञान त्यांच्याकडून आपोआप खाली झिरपत जाईल, असा सिद्धान्त त्यामागे होता. तो सरकारला अतिशय सोयीचा होता, कारण त्यात खर्च कमी होता आणि उरलेल्यांना शिकवण्याचे काम शिकलेल्यांच्या सद्‌बुद्धीवर सोपवलेले होते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सामान्य लोकांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाल्याचे मान्य केले, पण मान्य केलेली चूक दुरुस्त करण्याइतका पैसा काही आला नाही.

वाचता येणारा शेतकरी नेमके काय करील, हे पाहिल्याशिवाय ही भीती समजत नाही. दख्खनचा कुणबी कर्जरोख्यावर अंगठा उठवीत असे, पण त्यावर काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. सावकाराने आकडा फुगवला, व्याजावर व्याज चढवले, फेडलेली रक्कम वजा केली नाही, तरी न्यायालयात तोच कागद खरा ठरे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि मग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन असे रोखे जाळले. या दंग्यांवर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा गावनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. हा कायदा उपयोगाचा होता हे मान्यच केले पाहिजे. तरीही त्याची रचना बारकाईने पाहिली की लक्षात येते की, शेतकऱ्याच्या वतीने वाचणारा एक अधिकारी नेमणे सरकारला सुचले, शेतकऱ्याला स्वतः वाचता यावे म्हणून गावोगावी शाळा उघडणे त्याने हाती घेतले नाही. स्वतः वाचणारा शेतकरी रोख्यावर थांबला नसता. साऱ्याची पावती, जमिनीची नोंद, जंगलाचा नियम, पाणीपट्टीचा हिशेबही त्याने वाचला असता.

दुसरी भीती वर्तमानपत्राची होती. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. तो फक्त देशी भाषांना लागू होता. इंग्रजी पत्रांना त्यातून वगळलेले होते. चार वर्षांनी लॉर्ड रिपन यांच्या काळात तो रद्द झाला, पण सरकारला कोणत्या वाचकाची धास्ती होती हे त्यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातूनही कळत नाही, असे मला वाटते. इंग्रजी वाचणारा वाचक ओळखीचा होता आणि संख्येने थोडा होता. मराठी किंवा बंगाली वाचू शकणारा मात्र चावडीवर, गिरणीच्या चाळीत, नाक्यावर चार निरक्षरांना वाचून दाखवणारा होता. १९०८ मध्ये मराठी लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. अक्षर न ओळखणाऱ्यांपर्यंत छापील शब्द पोचला की काय होऊ शकते, हे सरकारने त्या आठवड्यात पाहिले. हीच माणसे स्वतः वाचू लागली तर काय होईल, याचा अंदाज बांधणे त्याला अवघड नव्हते.

सगळा दोष परक्या सरकारवर टाकला की विषय सोपा होतो, पण तो खरा राहत नाही. सरकारला आपल्या समाजातच भागीदार मिळाले होते. आरंभीच्या काळातच एल्फिन्स्टन यांनी लिहून ठेवले होते की, सर्वांत खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, परंतु त्यांना खास उत्तेजन देताना जपून असावे, कारण शिक्षणाने त्यांच्यात आधी मूळ धरले तर ते पुढे इतरांत पसरणारच नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याच्या अर्जावर मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ रोजी ठराव केला. अर्जदाराची बाजू न्यायाची आहे हे सरकारला दिसत होते, पण एका मुलासाठी शाळेतील बाकीची मुले गमावण्याची त्याची तयारी नव्हती. या निर्णयावर वरिष्ठांनी नाराजी दाखवली आणि सरकारी शाळा तत्त्वतः सर्वांना खुल्या असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात दार बंदच राहिले. वरच्या जातींना न दुखावणे राज्याच्या सोयीचे होते, आणि वरच्या जातींनाही आपल्या मुलांच्या शेजारी कोण बसावे, हे आपणच ठरवावे असे वाटत होते.

या सगळ्या व्यवहाराचा हिशेब मांडण्याचे काम जोतीराव फुले यांनी केले. १८८२ मध्ये शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि त्याच्यापुढे फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाने ते एकदा तरी वाचावे, असे मला मनापासून वाटते. सरकारी तिजोरी मुख्यतः रयतेच्या घामातून भरते, वरच्या वर्गांचा तिच्यातला वाटा थोडा आहे, आणि तरीही शिक्षणावरचा पैसा प्रामुख्याने वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. त्या वेळी मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड वसूल केला जात असे आणि त्यातील तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवलेला होता. म्हणजे शेतकरी शाळेचा पैसा वेगळा मोजून देत होता आणि त्याच्या बहुतेक गावांत शाळा नव्हती. वरून ज्ञान झिरपेल या सिद्धान्ताबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: इतकी वर्षे वरच्यांना शिकवले, मग त्यांनी खाली किती पोचवले?

त्यांच्या मागण्या अगदी व्यवहारी होत्या. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावा, असे त्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, म्हणजे तो गावकऱ्यांत मिसळेल आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाही. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीती असावी. यातील मोडीचा आग्रह मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळची सरकारी दप्तरे, गावची कागदपत्रे आणि सावकारांचे रोखे मोडीत लिहिले जात. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी शिकवा, असे म्हणणे म्हणजे ज्या कागदांनी त्याच्या बापाला बांधून ठेवले आहे ते कागद वाचायला शिकवा, असे म्हणणे होते. फुले यांना नेमके काय मागायचे आहे, हे कळत होते.

आयोगाने प्राथमिक शिक्षणाला महत्त्व दिल्याचे शब्द अहवालात आहेत, पण त्याची जबाबदारी नव्याने उभ्या राहत असलेल्या लोकल बोर्डांवर आणि नगरपालिकांवर सोपवावी, अशी शिफारस त्यात आहे. स्थानिक स्वराज्य ही चांगलीच गोष्ट आहे. पण काम खाली सोपवून पैशाची किल्ली वरच ठेवली की शाळा कमकुवत होते आणि दोष मात्र गावातल्या बोर्डावर येतो. ही पद्धत पुढे इतक्या वेळा वापरली गेली आहे की, वाचकाने ती ओळखून ठेवावी.

यानंतर येते गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक, आणि मला वाटते की सरकारे सार्वजनिक शिक्षण कसे अडवतात हे समजून घ्यायला त्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मार्च १९१० मध्ये गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने सुरुवात करावी, असा ठराव मांडला. त्याच कायदेमंडळाने त्याआधी महिनाभरच, फेब्रुवारीत, वृत्तपत्रांकडून जामीन घेण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संमत केला होता. ठराव मांडताना गोखले यांनी सांगितले की, ब्रिटिश हिंदुस्थानात शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या अवघे १.९ टक्के आहे. प्रश्नाचा विचार करू, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले.

त्या विधेयकात किती थोडे मागितले होते, हे आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते. सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने ठरवायचे होते. तेही आधीच ठरावीक टक्के मुले शाळेत जात असलेल्या भागातच, आणि तेही प्रांतिक सरकारची परवानगी घेऊन. सुरुवातीला ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना लागू होणार होती आणि मुलींचा विचार पुढे व्हायचा होता. घरापासून मैलभराच्या आत शाळा नसेल तर मुलाला सूट होती. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घ्यायची नव्हती. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, आणि गरज पडल्यास स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसवता यावा, अशी योजना होती. गोखले यांनी सरकारच्या प्रत्येक संभाव्य हरकतीचा आधीच विचार केलेला दिसतो. तरीही १९ मार्च १९१२ रोजी दोन दिवसांच्या चर्चेनंतर तेरा विरुद्ध अडतीस मतांनी ते फेटाळले गेले. सरकारी सभासदांची मते एकगठ्ठा विरोधात पडली. बाजूने बोलणाऱ्यांत महंमद अली जिना होते.

विरोधाची कारणे पाहावीत. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी शिक्षण वाईट असते असे एकदाही म्हटले नाही. लोकांकडून सक्तीची मागणी नाही, प्रांतिक सरकारांचा पाठिंबा नाही, सुशिक्षितांतही एकमत नाही, ऐच्छिक शिक्षणाचा विस्तार अजून पुष्कळ व्हायचा आहे, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, पैसा नाही, म्हणून वेळ आलेली नाही, असे एकूण म्हणणे होते. यातील प्रत्येक कारण सुटे घेतले तर समंजस वाटते, पण सगळी एकत्र ठेवली की त्यांचा वर्तुळाकार आकार दिसतो. शाळा नसल्यामुळे शिक्षक तयार होत नाहीत आणि शिक्षक नसल्यामुळे शाळा काढता येत नाहीत. ज्याने शाळा पाहिलेली नाही तो तिची मागणी करीत नाही, आणि मागणी नाही म्हणून त्याला शाळा मिळत नाही. मोठ्या जमीनदारांना दुसरीच काळजी होती. मुले शाळेत गेली तर गुरे कोण राखणार, सुगीला मजूर कोठून आणायचे, आणि शिकलेला कूळ पूर्वीसारखा वाकेल काय? अशा लोकांचा विरोध पुढे करून ‘हिंदुस्थानी लोकांनाच हे नको आहे’, असे म्हणणे सरकारला सोपे गेले.

विधेयक पडणार हे गोखले यांना ठाऊक होते आणि त्यांनी तसे भाषणात सांगितलेही. आमच्या पिढीला आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करावी लागणार आहे, अशा अर्थाचे त्यांचे शब्द आहेत. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षर माणसे शंभरात सहाच्या आसपास होती आणि स्त्रियांत तर शंभरात एक. १९१३ च्या शिक्षणविषयक ठरावात सरकारने सक्ती पुन्हा नाकारली आणि ऐच्छिक विस्ताराचे आश्वासन दिले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले.

पैसा आणि शिक्षक नाहीत, ही सबब कितपत खरी होती हे तपासण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नव्हती. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला, मुलींसह. गोखले यांनी कायदेमंडळात बडोद्याचे आकडे ठेवले. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी तेथे सुमारे ऐंशी टक्के शाळेत होते, तर ब्रिटिश मुलखात जेमतेम एकवीस-बावीस टक्के. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून दत्तक आले होते आणि बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

हे दोघेही राजे होते. त्यांनाही कोणी मत देऊन गादीवर बसवले नव्हते. मग त्यांना वाचणाऱ्या रयतेची भीती का वाटली नाही? शाहू महाराजांचा दरबार एका जातीच्या अधिकाऱ्यांनी भरलेला होता आणि १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्या जागांवर बसायला शिकलेली बहुजन मुले हवी होती. म्हणजे त्यांचे राजकारण आणि खेड्यातली शाळा एकाच दिशेने जात होती. सयाजीरावांना आपले संस्थान उद्योगांत आणि कारभारात ब्रिटिश मुलखाच्या पुढे न्यायचे होते. राज्यकर्त्याचे हित शिकलेल्या रयतेत असेल तर तो पैसाही शोधतो आणि शिक्षकही, एवढे यातून दिसते. दोघांच्या मनातील कळकळ या हितापेक्षा मोठी होती, असे माझे मत आहे, पण कळकळीचे मोजमाप करता येत नाही आणि अंदाजपत्रकाचे करता येते.

शाळा न काढणे हा अडवणुकीचा एकच प्रकार झाला. शाळा काढून तिचे छत खाली आणणे हा दुसरा प्रकार दक्षिण आफ्रिकेत दिसला. तेथे १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांच्या शाळा मिशनऱ्यांकडून काढून सरकारच्या ताब्यात घेतल्या. शाळांतील मुलांची संख्या त्यानंतर वाढलीच. परंतु या मुलांना ठरावीक मजुरीच्या वर गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, मग ज्या गणिताचा त्यांना उपयोग होणार नाही ते शिकवून काय करायचे, असे त्या कायद्याचे कर्ते हेन्ड्रिक फेरवूर्ड यांनी सांगितले होते. पुढे आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती झाली आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पटावर किती मुले आहेत एवढेच पाहणाऱ्याला या शिक्षणातला अन्याय दिसला नसता.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. १९२१ पासून शिक्षण हे खाते हिंदी मंत्र्यांकडे सोपवले गेले, पण अर्थखाते राखीव राहिले, म्हणजे गव्हर्नरच्या हाताखाली. मंत्र्याने शाळेची योजना करायची आणि पैसा दुसऱ्याकडे मागायचा. अबकारी खातेही मंत्र्यांकडेच असल्यामुळे दारूच्या उत्पन्नातून शाळा चालवण्याची वेळ आली, आणि दारूबंदी केली तर शाळा कशा चालणार, हा पेच १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनाही सोडवावा लागला.

शिक्षणाच्या प्रगतीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ मध्ये दाखवून दिले की, १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त अठरा उरली होती. हा आकडा खरा होता आणि धक्कादायक होता. पण त्यावरून समितीने काढलेला निष्कर्ष असा होता की, घाईने विस्तार करण्याऐवजी आहेत त्या शाळा सुधाराव्यात आणि सक्तीची घाई करू नये. मुले शाळा का सोडतात याचे उत्तर एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असलेल्या खोलीत आणि सुगीच्या कामात होते. ते उत्तर महाग होते. गुणवत्तेच्या काळजीने संख्या रोखायची, हा युक्तिवाद दिसतो सभ्य आणि त्याला विरोध करणे अवघड असते, म्हणून तो अजूनही वापरात आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. १९५१ मध्ये साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावा, असे सुचवले; तो टप्पा आपण अजून गाठलेला नाही. शिक्षण मूलभूत हक्क झाले ते २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, गोखले यांच्या ठरावाला शंभर वर्षे झाल्यानंतर.

आजच्या निवडून आलेल्या सरकारांना एल्फिन्स्टन यांच्यासारखी परत जाण्याची भीती नाही, आणि वसाहतीच्या सरकारशी त्यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. तरी जुनी हत्यारे अडगळीत गेलेली नाहीत. अनुदान हा लगाम म्हणून वापरता येतो, हे १९४८ मध्ये मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान काही काळ थांबवले तेव्हा दिसले. फुले यांनी शिक्षकाच्या पुरेशा पगाराचा आग्रह धरला होता, आणि महाराष्ट्रात २००० पासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काम करतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारणाची कामे शिक्षकांना देण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्यातच ठेवलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. यामागे प्रत्येक वेळी भीतीच असते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा ती बेपर्वाई असते, कारण निर्णय घेणाऱ्यांची स्वतःची मुले या शाळांत नसतात, आणि ज्यांची असतात त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न मला यांत सर्वांत गंभीर वाटतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुले असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. एका शिक्षकासाठी सात मुले हा खर्च परवडत नाही, मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतात, मुलांना सोबत मिळते, ही कारणे खोटी नाहीत. पण अशा शाळा प्रामुख्याने डोंगरातल्या वाड्या, पाडे आणि तांडे यांवर आहेत. तेथे ओढ्याला पूर आला की वाहन येत नाही, आणि शाळा दूर गेली की घरात आधी मुलीचे नाव कमी होते. १९११ च्या विधेयकात मैलभरात शाळा नसेल तर पालक सक्तीतून सुटत होता. २००९ च्या कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि पाड्यावरची शाळा बंद होते तेव्हा ते अंतर त्या मुलीला पायी तोडावे लागते.